दोन वर्षं ओकच्या पोटात

बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्स प्रांतात रुसेलारे नावाचं एक शहर आहे. भोवती सपाट शेतजमीन, भाजीपाल्याच्या लिलावाची मोठी बाजारपेठ, उत्तर समुद्राचा किनारा हाकेच्या नाही तरी गाडीच्या टप्प्यात. पर्यटक इथे फारसे थांबत नाहीत, ते ब्रूजकडे जातात. पण बिअरमध्ये ज्याला खरा रस आहे, त्याने ब्रूजआधी रुसेलारेला उतरावं. कारण इथल्या रोडेनबाख ब्रुअरीत ओकची २९४ पिंपं उभी आहेत. लहानात लहान १२ हजार लिटरचं, मोठ्यात मोठं ६५ हजार लिटरचं. काहींनी वयाची दीडशे वर्षं ओलांडली आहेत आणि अजून ती रोजच्या कामात आहेत. फ्लेमिश लोक या पिंपांना फूडर म्हणतात. दालनांमागून दालनं या फूडरांनी भरलेली आहेत, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीची, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली. प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक आहे.

या पिंपांतून निघणारी बिअर लाल असते आणि आंबट असते. पहिल्यांदा पिणारा हमखास तोंड वाकडं करतो आणि बाटली नासली आहे असं समजतो. त्याचा दोष नाही. गेली सव्वाशे-दीडशे वर्षं जगाला बिअर म्हणजे सोनेरी, थंडगार, किंचित कडू असंच शिकवलं गेलं आहे. त्याआधीची गोष्ट वेगळी होती. शीतकपाटं नव्हती, यीस्ट निवडून वाढवायची विद्या नव्हती, त्यामुळे लाकडात साठवलेली बिअर काही महिन्यांत कमी-अधिक आंबायचीच. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन याने शुद्ध यीस्ट एकाच पेशीपासून वाढवून दाखवलं आणि तिथून चित्र पालटलं. बिअर स्वच्छ झाली, रोज सारखी लागू लागली आणि आंबटपणा हा दोषांच्या यादीत गेला. फ्लँडर्समधल्या मोजक्या घराण्यांनी मात्र तो सोडला नाही. उलट त्याला वळण लावलं. त्यातलं सर्वांत मोठं घराणं रोडेनबाखांचं.

घराण्याचा इतिहास एखाद्या जाड कादंबरीला पुरेल इतका आहे. १८२१ साली रुसेलारेतल्या एका छोट्या ब्रुअरीत पैसे घालणारा अलेक्झांडर रोडेनबाख वयाच्या अकराव्या वर्षापासून पूर्ण अंध होता. तरी १८३० च्या क्रांतीनंतर बेल्जियमची घटना घडवणाऱ्या राष्ट्रीय सभेत तो निवडून गेला, आणि अंध व मूकबधिरांच्या शिक्षणावर त्याने पुस्तकं लिहिली. त्याचा भाऊ पेद्रो वॉटर्लूची लढाई पाहिलेला लष्करी अधिकारी. १८३६ मध्ये पेद्रो आणि त्याची बायको रेजिना वाउटर्स यांनी ब्रुअरी एकहाती घेतली. कारभार खऱ्या अर्थाने पाहिला तो रेजिनाने, थेट १८६४ पर्यंत. लेबलांवर आणि पुस्तिकांत अलेक्झांडरचं नाव मोठं दिसतं. माझ्या मते रेजिनाचं नाव त्याहून मोठं हवं. स्वतःच्या हिमतीवर तिने उभा ठेवलेला धंदा पुढे मुलाने वाढवला. फ्लेमिश कवी आल्ब्रेख्त रोडेनबाख, जो तेविसाव्या वर्षी गेला आणि ज्याचा पुतळा रुसेलारेत उभा आहे, तोही याच घराण्यातला.

रेजिनाचा नातू यूजेन याने १८७८ पासून सूत्रं हाती घेतली, आणि आजच्या बिअरचा खरा जनक तो मानला जातो. तो इंग्लंडला जाऊन पोर्टर नावाची काळसर बिअर लाकडात कशी मुरवतात आणि जुनी-नवी कशी मिसळतात ते शिकून आला, असं सांगतात. लंडनच्या ब्रुअऱ्यांत तेव्हा प्रचंड लाकडी टाक्या असत. किती प्रचंड, तर १८१४ साली म्यूक्सच्या ब्रुअरीतली एक टाकी फुटली तेव्हा बिअरच्या लोंढ्याने शेजारची घरं पडली आणि आठ जणांचा जीव गेला. इंग्लंडने ती पद्धत पुढे टाकून दिली. रुसेलारेने ती जपली. एका देशाने सोडलेली विद्या दुसऱ्या देशाच्या एका गावात टिकून राहावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता या पिंपांत नेमकं होतं काय? माल्ट, थोडा मका, अगदी बेताचे हॉप्स घालून रस उकळतात, आंबवतात. हे पहिलं आंबवणं आठवडाभरात उरकतं. पण रोडेनबाखचं यीस्ट एकटं नसतं. त्याच्या सोबतीला लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू असतात. थोडा काळ निवल्यावर काही बिअर तरुणपणीच वापरायला बाजूला ठेवतात आणि उरलेली फूडरमध्ये दोन वर्षांसाठी कोंडतात. तिथे ब्रेटॅनोमायसीस नावाचं हळू चालणारं रानटी यीस्ट कामाला लागतं. साध्या यीस्टला न पचणाऱ्या साखरा ते सावकाश संपवतं आणि फळांचा, कातड्याचा, जुन्या लाकडाचा वास देतं. लाकडाच्या छिद्रांतून अगदी थोडी हवा आत झिरपते, तेवढ्यावर व्हिनेगर बनवणारे जिवाणू तग धरतात.

साऱ्या कारागिरीचा जीव या झिरपणाऱ्या हवेत आहे. हवा जास्त झाली तर बिअरचं व्हिनेगर होईल. हवाच नसेल तर ती फक्त आंबट होईल, खोल होणार नाही. पिंप जितकं मोठं तितकं दर लिटरमागे लाकूड कमी लागतं आणि हवाही कमी शिरते. वाइनच्या नेहमीच्या छोट्या पिंपात दर लिटरमागे जितका प्राणवायू पोचतो, त्याच्या साधारण दहावा हिस्साच इथल्या लहानात लहान फूडरमध्ये पोचतो. म्हणूनच इथलं लाकूड इतकं अवाढव्य आहे. पाहणाऱ्याचे डोळे दिपावेत म्हणून कुणी ते तसं बांधलेलं नाही.

पिंपं सांभाळायला ब्रुअरीचे स्वतःचे कारागीर आहेत. फूडरच्या फळ्यांत खिळा नाही, डिंक नाही. दोन फळ्यांच्या फटीत पाणवनस्पतीची वाळकी पात बसवतात आणि गळती दिसेल तिथे मधमाशांचं मेण भरतात. द्रव भरला की लाकूड फुगतं आणि सांधे आपोआप आवळले जातात. काही वर्षांनी पिंप रिकामं करून, खोलून, फळ्या आतून तासतात, म्हणजे ताजं लाकूड पुन्हा बिअरला भिडतं. जिवाणू मात्र त्या तासण्याने संपत नाहीत, ते छिद्रांत खोल वस्ती करून असतात. त्यामुळे नवी बिअर ओतली की जुनं घर तिला ओळखतं.

एवढं होऊनही दोन शेजारच्या पिंपांतली बिअर सारखी निघत नाही. म्हणून शेवटचा आणि सर्वांत अवघड टप्पा मिश्रणाचा. १९८२ साली इथे रुजू झालेले ब्रूमास्टर रूडी गेकीर यांची जीभ आणि नाक यांवर रोडेनबाखची आजची ओळख उभी राहिली. पिंपाच्या तोटीतून नमुना काढायचा, चाखायचा आणि कोण कोणाशी जुळेल ते ठरवायचं. नेहमीच्या रोडेनबाख क्लासिकमध्ये तीन हिस्से तरुण बिअर आणि एक हिस्सा दोन वर्षं मुरलेली असते, मद्यांश ५.२ टक्के. ग्राँ क्रूमध्ये हे पारडं उलटं होतं, दोन हिस्से जुनी आणि एक हिस्सा तरुण, मद्यांश ६ टक्के. व्हिंटेज ७ टक्क्यांची आणि एकाच निवडक फूडरची; त्या पिंपाचा क्रमांक लेबलवर छापतात.

आता चाखण्याकडे. ग्राँ क्रूची बाटली शीतकपाटातून काढून लगेच ओतू नका. दहा-बारा अंशांवर आली की पायाच्या, वर थोड्या निमुळत्या पेल्यात अर्धा पेला भरेल इतकीच घ्या. उजेडासमोर धरली तर तपकिरी वाटणाऱ्या रंगातून डाळिंबी लाल झाक वर येते. फेस बदामी, फार काळ न टिकणारा. पेला फिरवून नाक जवळ न्या. पहिल्या क्षणी व्हिनेगरची झुळूक येते आणि बरेच जण तिथेच थांबतात. थांबू नका. क्षणभर पेला दूर धरा, पुन्हा जवळ आणा. आता आंबट चेरी येईल, हिरवं सफरचंद येईल, मागे कॅरॅमल आणि थोडा व्हॅनिला, तो ओकचा. अगदी तळाला जुन्या लाकडी कपाटाचा वास असतो. मला तो सर्वांत प्रिय आहे.

घोट घेतल्यावर आधी गोडसर वाटतं. मग जिभेच्या कडांना आम्ल भिडतं, लाळ सुटते, आणि घोट उतरल्यावर हिरड्या किंचित आवळल्यासारख्या होतात, ते लाकडातलं टॅनिन. हॉप्सचा कडवटपणा जवळजवळ नाही. या बिअरमध्ये कडूपणाचं काम आंबटपणा करतो, गोडव्याला लगाम घालायचं. इथे एक भेद ओळखायला शिकलं की अर्धी विद्या आली असं समजा. दह्यातलं लॅक्टिक आम्ल जिभेवर गोल, मऊ पसरतं. व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक आम्ल टोकदार असतं, ते नाकात चढतं आणि घशाला लागतं. चांगल्या फ्लेमिश लाल बिअरमध्ये दोन्ही असतात, पण पहिलं यजमान असतं आणि दुसरं पाहुणा. पाहुणा घर बळकावू लागला, किंवा नेलपॉलिशसारखा वास डोकं धरू लागला, की ती बाटली फसली म्हणायची, मग लेबल कितीही मानाचं असो. आमसूल, चिंच आणि ताकावर वाढलेल्या मराठी जिभेला हा भेद समजायला जड जाऊ नये. आमटीत आमसूल एक जास्त पडलं तर आपल्याला पहिल्या घासाला कळतं, तीच जीभ इथे कामाला लावायची आहे.

शेजारी ठेवून चाखायला दोन नावं सुचवतो. व्हिख्ते गावातल्या व्हेरहाखे ब्रुअरीची द्यूशेस द बुर्गोन्य, ६.२ टक्क्यांची. लेबलवर हातावर ससाणा घेतलेली राजकन्या आहे ती बरगंडीची मेरी, जी १४८२ साली घोड्यावरून पडून पंचविशीत गेली आणि जिची समाधी ब्रूजमध्ये आहे. ही बिअर आठ महिन्यांच्या आणि अठरा महिन्यांच्या मुरलेल्या बिअरचं मिश्रण, आणि रोडेनबाखपेक्षा बरीच गोड. नवख्याला ती आधी आवडते, हे खरं. मला दुसऱ्या पेल्यात तिचा गोडवा जड होतो. दुसरी औडेनार्डेच्या लीफमान्सची तपकिरी बिअर. ती पूर्व फ्लँडर्सची आणि मोठ्या ओकच्या पिंपांशिवाय बनणारी. तिच्यात माल्टचा गोलवा जास्त, लाकडाची कोरड कमी. दोन्ही एकामागोमाग घेतल्या की ओकने नेमकं काय दिलं ते वेगळं सांगावं लागत नाही.

रोडेनबाखचं यीस्ट बराच काळ आसपासच्या ब्रुअऱ्यांनाही मिळे. एसेनच्या डे डोले ब्रुअर्सची ऊरबिअर त्यावरच बनायची. १९९८ मध्ये पाम ब्रुअरीने रोडेनबाख विकत घेतली आणि १९९९ मध्ये ही देवघेव बंद झाली. मालकाला तो अधिकार होता, तरी फ्लँडर्सच्या बिअरचं त्यात नुकसानच झालं असं माझं मत आहे, कारण असं जिवंत विरजण एकाच घरात कोंडलं की त्याची वाढ खुंटते. विद्या मात्र कोंडून राहिली नाही. रोडेनबाखमध्ये शिकलेले पीटर बाउकार्ट १९९६ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोत न्यू बेल्जियम ब्रुअरीत गेले आणि त्यांनी ओकमध्ये मुरवलेली ला फोली बनवली. आज अमेरिकेत फूडर ठेवणाऱ्या ब्रुअऱ्या ठिकठिकाणी आहेत, त्या वाटेची ही सुरुवात. २०१६ साली युनेस्कोने बेल्जियमची बिअर संस्कृती मानवी वारशाच्या यादीत घेतली, तोवर या बिअरचं नाव जगभर पोचलं होतं.

जेवणासोबत घ्यायची असेल तर फ्लँडर्सची रीत ऐका. उत्तर समुद्रातली बोटाच्या पेराएवढी करडी कोळंबी टोमॅटोत भरून खातात, तिच्याशी क्लासिक छान जमते. मांस तासन्‌तास शिजवलेला फ्लेमिश रस्सा असेल तर ग्राँ क्रू. जुनं, खारट चीज असेल तर व्हिंटेज. आम्ल तेलकटपणा कापतं, म्हणून तळलेल्या मासळीशीही ती वाया जात नाही. झणझणीत तिखटाबरोबर मात्र नको. तिखटाने जीभ पोळली की आंबट टोचू लागतं आणि मागचा सारा बारकावा हरवतो.

कुठून सुरुवात करावी, असं विचाराल तर ग्राँ क्रूपासून करा. क्लासिक चांगली आहे, तहानेच्या वेळी तर उत्तमच, पण तिच्यात तरुण बिअर जास्त असल्याने लाकूड कुजबुजतं. व्हिंटेज एका पिंपाची, त्या पिंपाच्या लहरीसकट. ग्राँ क्रूमध्ये अनेक पिंपांतून निवड करणाऱ्या माणसाचा निर्णय चाखायला मिळतो, आणि माझ्या लेखी रोडेनबाखची खरी थोरवी त्या निर्णयात आहे. बाटली दोघांत घ्या. पहिला घोट आवडला नाही तरी पेला बाजूला सारू नका, वीस मिनिटं तसाच ठेवा, थोडा उबदार होऊ द्या आणि मग पुन्हा चाखा. मत त्या दुसऱ्या घोटावर बनवा.