वामन, यंत्रमानव आणि बुडालेले खोरे

‘ही कादंबरी आपल्या काय कामाची?’ असा प्रश्न एका कार्यकर्त्या मित्राने मला ताम्हिणीला विचारला. तिथे आमचे दोन दिवसांचे शिबिर होते आणि माझ्या पिशवीतले जयंत नारळीकरांचे ‘वामन परत न आला’ हे पुस्तक त्याच्या हाती लागले होते. गाडलेली पेटी, लुप्त झालेली संस्कृती, यंत्रमानव ही सगळी पोट भरलेल्यांची करमणूक, असा त्याचा सूर होता. त्या वेळी मी नीट उत्तर दिले नाही. ते आता देत आहे.

या जातीची कादंबरी दोन साच्यांच्या जोडकामातून तयार होते. पहिला साचा अद्भुताचा. गो. ना. दातार आणि नाथमाधव यांनी तो मराठी वाचकांत रुजविला. भुयारे, गुप्त धन, परागंदा झालेला राजवंश आणि शेवटी खऱ्या वारसाला मिळणारे सिंहासन. यात माणूस बहुधा कर्तृत्वाने मोठा होत नाही, तो जन्मानेच मोठा असतो. गोष्ट फक्त ते उघड करते. दुसरा साचा प्रलयानंतरच्या जगाचा. महायुद्धाने सारे बेचिराख झाले आहे, जुन्या विज्ञानाचे अवशेष उरले आहेत आणि त्यांचा अर्थ न कळल्यामुळे लोक त्यांची पूजा करतात. वॉल्टर मिलर या अमेरिकी लेखकाच्या १९५९ सालच्या ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ या कादंबरीत मठातला एक साधू विजेच्या जोडणीच्या आराखड्याची नक्कल भक्तिभावाने करीत बसतो. (अर्थ न कळता जपलेली विद्या म्हणजे काय, हे आपल्या देशात कुणी कुणाला सांगायला नको.)

हे दोन साचे एकत्र आले की काय होते ते टेरी ब्रुक्स याच्या १९७७ सालच्या ‘द स्वोर्ड ऑफ शॅनारा’ या कादंबरीत दिसते. जुने जग महायुद्धांत नष्ट झाले आहे. नवे जग उभे राहिले तेही बुटक्या, राक्षसी आणि एल्फ नावाच्या यक्षसदृश जमातींचे. जगाला वाचवणारी तलवार मात्र चालवू शकतो तो एका प्राचीन राजाचा वंशज. म्हणजे पृथ्वी जळून गेली, शहरे गेली, यंत्रे गेली. पण रक्ताचा महिमा तेवढा जळाला नाही! माझ्या मते या साऱ्या वाङ्मयप्रकाराची खरी कसोटी इथेच आहे. प्रलयात लेखक काय बुडू देतो आणि काय वाचवतो, ते पाहावे.

‘वामन परत न आला’ ही १९८६ सालची कादंबरी या कसोटीला लावली तर तिचे वेगळेपण ध्यानात येते. जमिनीखाली हजारो वर्षांपूर्वीची एक पेटी सापडते. तिच्यात एका अतिप्रगत संस्कृतीचे ज्ञान साठवलेले आहे. त्या ज्ञानावरून आजचे शास्त्रज्ञ आधी संगणक आणि मग वामन हा यंत्रमानव घडवितात. पुढे उलगडते ते असे की, ती संस्कृती आपणच घडविलेल्या यंत्रमानवांमुळे लयाला गेली होती. इथे कुणी राजपुत्र नाही. पुराणातून घेतले आहे ते फक्त नाव. पण ते नाव साधे नाही.

पुराणातला वामन तीन पावले जमीन मागतो आणि बळीला पाताळात घालतो. ऐकणाऱ्याने त्याचा जयजयकार करावा अशी पुराणकाराची अपेक्षा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त ही कथा उलटी करून वाचली: बळी हा आमचा न्यायी राजा आणि वामन हा कपटी आक्रमक. नारळीकरांच्या कादंबरीत माणूस बळीच्या जागी आहे आणि वाचक मनोमन इच्छितो की, वामनाने परत येऊ नये. लेखकाच्या मनात फुले होते असा माझा दावा नाही. परंतु ज्या पांढरपेशा वाचकाने ‘गुलामगिरी’ कधी उघडली नसेल, तोही न वाद घालता बळीच्या बाजूने बसतो, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

माझे भांडण पुढे आहे. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला. त्याचे मूळ ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. यंत्रमानव म्हणजे वेठबिगार, ज्याच्याकडून काम घ्यायचे पण ज्याला माणूस म्हणायचे नाही. महार वतनाची वेठ मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले; ती वतने कायद्याने जायला १९५८ उजाडावे लागले. ज्यांच्या आजोबांनी ही वेठ केली त्यांनी वेठबिगाराच्या बंडाची भीती कुणाच्या नजरेने वाचायची? मालकाच्या? या कादंबरीत मानवजात एकसंध आहे, तिच्यात गावकुसाबाहेर कुणी नाही. तिथे मला ती अपुरी वाटते.

मित्राला हे सांगायला ताम्हिणीइतकी योग्य जागा नव्हती. पूर्वेला मुळशीच्या धरणाचे पाणी पसरले आहे. चापेकचे नाटक प्रागला रंगभूमीवर आले त्याच १९२१ साली या खोऱ्यात सत्याग्रह सुरू झाला; पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते इथेच. तरी धरण झाले. खोऱ्याचे पाणी बोगद्यातून कोकणात भिऱ्याला उतरवून मुंबईसाठी वीज काढण्यात आली. वीज वापरणाऱ्यांना जगाचा अंत ही भविष्यातली कल्पना वाटते. या खोऱ्यातल्या माणसांनी तो शंभर वर्षांपूर्वी पाहिला. मोबदला कागदावर नाव असणाऱ्याला मिळतो. दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्याचे नाव कुठल्या कागदावर असणार?

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी मित्रानेच मुलांना प्रश्न घातला: ‘तुम्ही पेटी पुरणार असाल तर तिच्यात काय ठेवाल?’ कुणी संविधान लिहिले, कुणी बियाणे, एकाने मोबाइल. धरणाकाठच्या वाडीतल्या एका मुलीने लिहिले, ‘आजीला पाण्याखालच्या शेतांची नावे पाठ आहेत, ती.’ मित्राने तो कागद घडी करून पुस्तकात ठेवला आणि पुस्तक स्वतःच्या पिशवीत घातले. ते अजून त्याच्याकडेच आहे.