विद्यापीठाचे तिसरे कर्तव्य

विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर व्याख्यानगृहे, परीक्षा आणि पदवीदान समारंभ उभे राहतात. परंतु ज्यांनी तेथे कधीच प्रवेश घेतला नाही, त्यांचेही विद्यापीठ काही देणे लागते, हा विचार तुलनेने नवा आहे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाने १८७३ साली आपले अध्यापक निरनिराळ्या शहरांत व्याख्यानांसाठी धाडण्यास आरंभ केला. अमेरिकेने १९१४ साली कायदा करून कृषिविस्ताराचे कार्य विद्यापीठांशी जोडले. त्याच धर्तीवर उभारलेल्या आपल्या कृषी विद्यापीठांना अध्यापन व संशोधन यांच्या जोडीने विस्तार शिक्षण हे तिसरे कर्तव्य नेमून दिलेले आहे.

१९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे उदाहरण घेऊ. हापूस आंबा ओढून काढला की देठ मुळाशी तुटतो, चीक सालीवर ओघळून डाग पडतात आणि त्या जखमेतून बुरशी शिरून फळ कुजते. येथील तज्ज्ञांनी बुरशीवर केवळ व्याख्याने दिली नाहीत. त्यांनी ‘नूतन झेला’ तयार केला. त्याच्या पात्याने फळ देठासह कापले जाते. बागायतदाराला शास्त्र पटले ते त्या काठीमुळे. भाषेचेही तसेच. तज्ज्ञ ज्याला सुमारे ८५ टक्के पक्वता म्हणतात, ते कोकणात ‘चौदा आणे’ तयार फळ होय. हा शब्द ज्याच्या ओठी आहे, त्याचे म्हणणे बागेत लवकर ऐकले जाते.

मात्र ज्ञान अर्धवट पोहोचले तर हानीही होते. हापूस एक वर्षाआड फळतो. त्यावर उपाय म्हणून पॅक्लोब्युट्राझोल हे वाढनियंत्रक पावसाळ्यात मुळांभोवती देण्याची शिफारस झाली. मात्रा झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजून ठरवायची, आणि झाडाला खतांचे पुरेसे पोषण द्यायचे, अशी तिची अट आहे. औषध दुकानातून सहज मिळते. अट दुकानात मिळत नाही. बाग एका हंगामाच्या कराराने दिली असेल, तर पुढील वर्षांत झाडाचे काय होईल याची चिंता करार घेणाऱ्याला कशी असावी? अतिरेकाने अशक्त झालेले झाड सावरण्यास वर्षे लागतात आणि तो भार मालकाच्या कुटुंबावर पडतो. म्हणून तज्ज्ञाने शिफारस सांगून निघून जाणे पुरेसे नाही.

या दृष्टीने कृषी विज्ञान केंद्रांचे महत्त्व मोठे. देशातील पहिले केंद्र १९७४ साली पुदुच्चेरी येथे सुरू झाले. नवे वाण वा पद्धत येथे प्रत्यक्ष शेतकऱ्याच्याच जमिनीवर पारखली जाते, आणि तज्ज्ञाचा दावाही तेथेच पारखला जातो! पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ कोसबाड टेकडीवर असे केंद्र आहे. तेथे सल्ल्यासाठी जाताना रोगट पाने कागदी पिशवीत न्यावीत, शक्यतो त्याच दिवशी तोडलेली, आणि आजवर कोणती औषधे किती दिली, याची नोंदही सोबत ठेवावी.