मँगोल्यात आंबा किती?

मँगोला प्यायचा तर बाटली आधी हलवावी लागे. तळाशी आंब्याचा गर बसलेला, वर पिवळं पातळ पाणी. दुकानदार बाटलीला दोन हिसके द्यायचा आणि मगच ओपनर लावायचा. झाकण उडताना ‘फस्स’ व्हायचं नाही, कारण आत गॅसच नसे. कोल्ड्रिंक म्हणजे नाकात चढणारे बुडबुडे, असं मानणाऱ्यांना ते बाळबोध वाटे. मला विचाराल तर त्या काळच्या रंगीत बाटल्यांत खरंखुरं फळ असणाऱ्या मोजक्यांपैकी तो एक होता.

मँगोला मुंबईच्या ड्यूक्सचा. दिनशॉजी कुवरजी पांडोल या क्रिकेटवेड्या पारशी गृहस्थांनी 1889 मध्ये हा धंदा काढला आणि त्याला इंग्लंडच्या ड्यूक चेंडूचं नाव दिलं. पुढं चेंबूरला कारखाना उभा राहिला. लेमोनेड, जिंजर आणि लालभडक रास्पबेरी ही त्यांची नामांकित पेयं. रास्पबेरीवाचून पारशी लग्नातलं जेवण पुरं होत नसे. तिच्यात रास्पबेरी मात्र शोधू नये! साखरेचा पाक, आम्ल, रंग, इसेन्स आणि दाबानं भरलेला कार्बन डायऑक्साइड, संपलं. गॅस आणि आम्ल मिळून जंतूंना थोपवतात, म्हणून असलं पेय थंडच भरता येतं.

आंब्याच्या गराचे नखरे फार. जरा दुर्लक्ष झालं की तो आंबतो. म्हणून गर, साखर, सायट्रिक आम्ल आणि पाणी यांचं मिश्रण चांगलं तापवायचं, गरम असतानाच भरायचं, मग निववायचं. एवढ्या खटाटोपानंतर बाटलीत फळ किती? ‘फ्रूट ड्रिंक’ म्हणवून घ्यायला आपल्याकडं 10 टक्के रस पुरतो.

1976 मध्ये पार्लेचा माझा आला, 1985 मध्ये फ्रूटी खोक्यातून आली. खोक्याला ना डिपॉझिट, ना रिकामी बाटली परत करायची कटकट. 1993 मध्ये कोकाकोलानं पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्डस्पॉट आणि माझा घेतले, तर पुढच्याच वर्षी पेप्सीनं ड्यूक्स घेतलं. पेप्सीकडं स्वतःचा स्लाइस होताच. एका घरात दोन आंबे कशाला? मँगोला मागं पडला. नाव मात्र घरोघरी टिकलं. उन्हाळ्यात गर, साखर आणि गार पाणी घुसळून केलेल्या पेयाला आजही मँगोलाच म्हणतात.

आमच्या संभाजीनगरशी, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादशी, पेप्सीचं नातं पाण्याचं. तिचा कारखाना पैठणच्या एमआयडीसीत आला. जायकवाडी तिथंच, आणि शहराची तहानही त्याच धरणावर भागते. गर काय, पिंपांत भरून चित्तूर-कृष्णगिरीहूनही आणता येतो. पाणी तसं आणणं परवडत नाही. 2016 च्या दुष्काळात कारखान्यांना पाणी द्यावं का, यावर रान पेटलं आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी निम्म्याहून अधिक तोडायला सांगितलं.

त्याच वर्षी मराठवाड्याच्या केसर आंब्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मोठ्या कंपन्यांच्या बाटलीला मात्र स्वस्त, भरपूर पिकणारा तोतापुरी लागतो. आमचा केसर पेटीतून थेट आमरसाच्या पातेल्यात जातो.