घरची बाग आणि सर्वांची बाग

माणूस नगरात राहू लागला, तरी मातीची त्याची ओढ काही सुटली नाही. घरापुढे हातभर जागा मिळाली, तरी तो तेथे तुळस, जास्वंद, पारिजातक लावतो. तेवढीही जागा नसली, तर खिडकीत एखादी कुंडी ठेवतो.

घरच्या बागेचा आनंद निराळाच असतो. आपण पेरलेले बी रुजते, पहिली कळी येते आणि रोज सकाळी आपले पाय आपोआप तिच्याकडे वळतात. पाणी घालावयाचे राहिले, तर रोप मान टाकते आणि आपली चूक आपणांस तत्काळ दिसते. घरची बाग ही जबाबदारीची पहिली शाळाच होय.

परंतु शहरात अंगण असलेली घरे किती थोडी! एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबातील मुलांनी कोठे धावावे? आजोबांनी सायंकाळी कोठे बसावे? सार्वजनिक उद्यान अशांसाठीच असते.

पुण्यातील सारसबागेचे उदाहरण घ्या. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी एक तळे बांधविले. त्या तळ्यातील बेटावर ही बाग होती. सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ साली, तेथे गणपतीचे मंदिर झाले. त्या वेळी ही पेशव्यांची बाग होती. पुढे पेशवाई गेली. विसाव्या शतकात तळेही नाहीसे झाले. आज त्याच ठिकाणी विस्तीर्ण हिरवळीवर हजारो लोक विसावतात. लोक मात्र अजूनही त्या देवाला ‘तळ्यातला गणपती’ असेच म्हणतात!

मोठ्या उद्यानात घरच्या अंगणात न मावणारे वृक्षही वाढू शकतात. मुंबईस भायखळ्याला १८६२ साली सुरू झालेली राणीची बाग, म्हणजेच आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, अशा जुन्या वृक्षांसाठी प्रसिद्ध आहे. वृक्षांच्या पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडते, त्यामुळे भोवतालची हवा थंड होते. डांबरी रस्त्यावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी बागेच्या मातीत मुरते. हा लाभ बागेत कधीही पाऊल न टाकणाऱ्यालाही मिळतो.

मात्र सार्वजनिक बागेला एक धोका असतो. घरच्या बागेला धनी असतो. सर्वांच्या बागेविषयी ‘ती माझी थोडीच आहे?’ असे प्रत्येकाला वाटू लागते. “मी एकच फूल तोडले, त्यात काय बिघडले?” असे हजार जण म्हणाले, तर सायंकाळी ताटव्यात केवळ देठ उरतील. एकटा माळी किती पुरा पडणार?

म्हणून या दोन बागांत श्रेष्ठ कोणती, असा वाद घालण्याचे कारण नाही. कुंडीतल्या रोपाला जपताना जी माया आपण शिकतो, तीच घेऊन उद्यानात गेलो, म्हणजे सर्वांची बाग खऱ्या अर्थाने आपलीही होते.