शिशाची धूळ आणि रक्तातील गंज

मोटारीची जुनी बॅटरी भंगारवाल्याच्या हवाली केली की आपला तिच्याशी संबंध संपतो. तिची पेटी फोडून, आम्ल ओतून, आतील प्लेटा भट्टीत टाकणारा कामगार आपल्या दृष्टीआडच राहतो. शिसे ३२७ अंश सेल्सियसच्या सुमारास वितळते. त्यामुळे हा धंदा मोठ्या कारखान्यात चालतो तसा वस्तीतल्या पत्र्याच्या शेडमध्येही चालू शकतो. भट्टीवरून उठणारा धूर थंडावला की त्याची अतिसूक्ष्म धूळ होते आणि ती श्वासावाटे रक्तात उतरते.

तेथे ती नेमके काय करते? लोखंड उघड्यावर पडले की त्याला गंज चढतो. प्राणवायूशी झालेला तो संयोग असतो. आपल्या पेशींतही श्वसनाच्या व्यापारात प्राणवायूपासून काही अतिचंचल कण सतत निर्माण होत असतात. त्यांना आवरण्यासाठी शरीराने पहारेकरी नेमले आहेत. त्यांतील एक प्रमुख म्हणजे ग्लुटाथायोन. त्याचे सारे सामर्थ्य त्याच्या रेणूतील गंधकात आहे आणि शिशाला तर गंधकाची विलक्षण ओढ! खाणीतसुद्धा ते बहुधा गंधकाशी जडलेलेच सापडते. रक्तात शिरलेले शिसे हा गंधक धरून बसते आणि पहारेकरी निकामी होतो.

एवढ्यावर भागत नाही. रक्तातील लाल द्रव्य घडविणाऱ्या साखळीत एक विकर आहे. त्यातील जस्ताची जागा शिसे बळकावते. साखळी तेथेच अडते आणि अर्धवट घडलेले एक आम्ल साचू लागते. हे आम्ल स्वतःच नवे चंचल कण निर्माण करते. म्हणजे पहारा दुबळा आणि चोर वाढलेले, अशी दुहेरी आपत्ती. यालाच शास्त्रज्ञ ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. पेशींच्या स्निग्ध आवरणांना जणू गंज चढतो. तांबड्या पेशी अकाली फुटतात. शिशाच्या कामावरील मजुरांच्या रक्तात ग्लुटाथायोन घटलेले आणि स्निग्ध द्रव्यांच्या नासाडीच्या खुणा वाढलेल्या अनेक पाहण्यांत आढळल्या आहेत. पोटात कळा येणे, हिरड्यांवर निळसर रेघ उमटणे, मनगट लुळे पडणे ही जुनी लक्षणे फार उशिरा दिसतात. रक्तातील बिघाड त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो.

मग गंजाला उतारा देणारी जीवनसत्त्वे कामगाराला द्यावीत, म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. शिशाच्या कामावर गूळ आणि दूध वाटण्याची चाल आपल्याकडे आहेच. सकस आहार हवा, यात शंका नाही. उपाशीपोटी शिसे अधिक शोषले जाते. आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असले तरी तसेच होते. परंतु गुळाचा खडा भट्टीवरचा धूर ओढून घेत नाही. माझ्या मते, या वाटपाने मालकाच्या मनाचे समाधान कामगाराच्या रक्तापेक्षा अधिक होते.

ब्रिटनमध्ये १८९८ साली कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक म्हणून थॉमस लेग यांची नेमणूक झाली. मालकाने आपल्याकडून सर्व काही केल्याखेरीज कामगार स्वतःच्या बचावासाठी फारसे काही करू शकत नाही, हे त्यांच्या अनुभवाचे सार होते. रंगकामातील सफेद्यावर बंधने घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९२१ साली झाला. त्याला मान्यता देण्यास त्यांच्या सरकारने नकार दिला, तेव्हा १९२६ साली त्यांनी राजीनामा दिला. आपल्या देशातही १९४८ च्या कारखाने अधिनियमाने शिशाची विषबाधा सरकारला कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांत घातली होती. पण जी भट्टी कोणत्याच नोंदवहीत नाही, तिच्यावरचा रोग कळवावयाचा कोणी?

धूर जेथे उठतो तेथेच तो ओढून घेणारी धुराडी, ओल्या फडक्याने सफाई, जेवणाची वेगळी जागा, ठराविक मुदतीने रक्ताची तपासणी आणि शिसे वाढलेले दिसताच भट्टीपासून दूरची कामगिरी, हे खरे उपाय होत. कामाचे कपडे तर कारखान्यातच राहिले पाहिजेत. बापाच्या सदऱ्यावरून घरी आलेली धूळ मुलाच्या पोटात जाते, आणि गिळलेले शिसे मोठ्या माणसापेक्षा लहान मूल कितीतरी अधिक शोषून घेते.

काम सुटल्यावरही शिसे सुटत नाही. रक्तातून ते महिन्याभरात निम्म्यावर येते. पण हाडांत कॅल्शियमच्या जोडीला जाऊन बसलेले शिसे वर्षानुवर्षे तेथेच मुक्काम करते आणि म्हातारपणी हाडे झिजू लागली की पुन्हा रक्तात उतरते.