बाई, एक कमी आहे!

मुलांनो, तुमच्या शाळेत ठरलेल्या दिवशी गळ्यात स्कार्फ बांधून येणारी मुलं आहेत का? पहिली ते चौथीतली असली, तर मुलगे ‘कब’ आणि मुली ‘बुलबुल’. थोडी मोठी झाली की तीच पुढे स्काऊट आणि गाइड होतात. आमच्या शाळेत बारा कब आहेत आणि बारा बुलबुल. कब सांभाळणाऱ्या गुरुजींची बदली झाली, तेव्हापासून ही चोवीसच्या चोवीस माझ्याकडे! आज मी त्यांचीच गोष्ट सांगणार आहे. पण एक अट आहे बरं का. हा लेख एकट्याने वाचायचा नाही. आईला, बाबांना, घरी आजी-आजोबा असतील तर त्यांनाही बोलवा आणि मोठ्याने वाचून दाखवा.

आधी थोडी जुनी माहिती. 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी नावाच्या बेटावर बेडन पॉवेल यांनी वीसएक मुलांना घेऊन शिबिर भरवलं. तिथून स्काऊटिंग सुरू झालं. मोठा भाऊ स्काऊट झाला की धाकटा मागे लागायचा, ‘मलाही यायचंय!’ मग या धाकट्यांसाठी 1916 मध्ये कब पथकं निघाली. त्यांच्यासाठी गोष्ट घेतली ती किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधली. किपलिंगचा जन्म मुंबईचा आणि मोगलीचं जंगल आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या सिवनीचं. त्या गोष्टीत लांडग्यांच्या कळपाचा म्होरक्या आहे ‘अकेला’. म्हणून जगभरच्या कब पथकांत पुढाऱ्याला अकेला म्हणतात. आता गंमत बघा, अकेला म्हणजे एकटा. आणि ज्या दिवसाची गोष्ट मी सांगणार आहे, त्या दिवशी मी खरोखरच अकेला होते.

डिसेंबरातला शनिवार होता. सकाळची शाळा. आम्ही नदीपर्यंत निसर्गफेरीला निघालो. जाताना दोनदा मोजलं, चोवीस. नदीवर मोजलं, चोवीस. परत येताना पाराजवळ मोजलं, तर तेवीस! पुन्हा मोजलं. तेवीसच. तेवढ्यात एक बुलबुल म्हणाली, “बाई, एक कमी आहे. तो गुऱ्हाळापाशी थांबला होता.”

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलंय, त्यांना माझ्या छातीत का धस्स झालं हे कळेल. चुलवाणावर भली मोठी काहील असते आणि तिच्यात उसाचा रस रटरटत असतो. गूळ होत आला की तो उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त तापलेला असतो. उरलेल्या मुलांना पारावर बसवलं, समोरच्या दुकानातल्या मावशींना लक्ष ठेवायला सांगितलं आणि मी धावत सुटले.

मुलगा सुखरूप होता. गुळव्यादादांनी त्याला काहिलीपासून लांब, पोत्यावर बसवून ठेवलं होतं आणि हातात गुळाचा खडा दिला होता. मला मात्र त्यांनी चांगलंच सुनावलं. “बाई, पोरगं दोन हातांवर उभं होतं. माझं लक्ष गेलं म्हणून बरं.” मी काय बोलणार? त्यांचं खरं होतं.

संध्याकाळी त्या मुलाच्या घरी जाऊन मी स्वतःच सगळं सांगितलं. सोमवारी पालकांची सभा बोलावली. एक वडील म्हणाले, “बंद करा हे. तसाही अभ्यासाचा वेळ जातोय.” खरं सांगू? मलाही तसंच वाटू लागलं होतं. मनातल्या मनात मी पथक बंद केलंसुद्धा होतं. तेवढ्यात मागे बसलेली एक आई उठली. दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणारी. ती म्हणाली, “बाई, तुम्ही एकट्या कशाला नेता? आम्हाला एकदा तरी विचारलं का?”

नव्हतं विचारलं. पालक म्हणजे गणवेशाचे पैसे देणारे आणि संमतीपत्रावर सही करणारे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पुढच्या शनिवारी सात पालक हजर! आणि काय सांगू, नुसता गोंधळ. गाठींचा तास होता. प्रत्येक आई आपल्याच लेकराच्या शेजारी बसलेली. “अरे, असं नाही, दे इकडे,” म्हणत तिनेच गाठ मारून टाकलेली. तास संपला तेव्हा सात पालकांना गाठ येत होती आणि मुलांना येत नव्हती. त्या दिवशी आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. मदतीला येणाऱ्याने आपलं मूल ज्या गटात आहे, तो गट घ्यायचा नाही. आणि मुलाच्या हातातली वस्तू, त्याने मागितल्याशिवाय, आपल्या हातात घ्यायची नाही.

दुसरी गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही हो! आमच्या ‘खरी कमाई’च्या वेळी ते कळलं. खरी कमाई म्हणजे मुलांनी स्वतः काम करून मिळवलेले पैसे. इंग्लंडातही 1949 पासून बरीच वर्षं स्काऊट मुलं घरोघर जाऊन छोटी कामं करायची आणि एका कामाचा एक शिलिंग घ्यायची. आमच्या मुलांनी भेळ विकायचं ठरवलं. लगेच निरोप आला, “चटण्या आम्ही करून पाठवतो, कांदा चिरून देतो, मुलांनी फक्त विकायची.” म्हणजे कमाई आईची आणि नाव मुलांचं! मी नको म्हटलं. सुरीजवळ एक आई बसली, पण चिरायचं मुलांनीच. पहिल्या घाण्यात मीठ इतकं पडलं, की मुख्याध्यापकांनी एक घास खाऊन तांब्याभर पाणी प्यायलं. कडेला उभ्या असलेल्या आया ओठ दाबून गप्प राहिल्या. दुसरा घाणा चांगला झाला.

मग हिशेब. तिसरीतल्या मुलीने वही लिहिली होती. बारा रुपये कमी आले. मुलं रडवेली झाली. एका आईने हळूच पर्स उघडली आणि मला खुणेने विचारलं, ‘टाकू का?’ मी मान हलवून नको म्हटलं. अर्धा तास गेला. शेवटी एकाला आठवलं, हिरव्या मिरच्या संपल्या म्हणून मध्येच आणल्या होत्या आणि वहीत लिहायच्या राहिल्या होत्या. त्या बारा रुपयांत मुलं जेवढं गणित शिकली, तेवढं मी फळ्यावर शिकवू शकले नसते.

आता मोठ्यांनो, तुम्ही म्हणाल, आम्हाला स्काऊटमधलं काय येतं? आमच्याकडे एक आजोबा येतात. त्यांनी जन्मभर बैलं सांभाळली. क्लोव्ह हिच नावाची गाठ मी पुस्तकात बघून शिकवत होते. दांड्याला दोरीचे दोन वेढे घालून मारायची ती गाठ. आजोबा हसायला लागले. “ही होय? हिनंच तर मी दावं खुंट्याला बांधतो.” तिला इंग्रजी नाव आहे, हे त्यांना नव्यानेच कळलं. पण ती ओल्या दोरीत कशी आवळते आणि कधी सरकते, हे पुस्तकात नसलेलं त्यांनी सांगितलं.

सगळ्यांनाच शनिवार मोकळा नसतो. सभेत उठलेल्या त्या आईचा तर रोज बुडतो. ती सकाळी कामाला जाता जाता दहा मिनिटं शाळेत डोकावते, चोवीस पाण्याच्या बाटल्या भरल्यात का बघते आणि जाते. मला ती मदत कमी वाटत नाही. उलट, मोठ्या हौसेने ‘दर शनिवारी येईन’ म्हणणारे आणि ऐनवेळी न येणारे जास्त त्रासाचे. येणार नसाल तर आदल्या दिवशी कळवा. माझी माणसं मोजून असतात.

एक नियम मात्र आम्ही कुणासाठीच मोडत नाही, अगदी माझ्यासाठीसुद्धा. मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं हवीत. कुणीही एकटं मोठं माणूस एकट्या मुलाला घेऊन कुठे जाणार नाही. मुलांनो, तुमच्या पथकात कुणी हा नियम मोडताना दिसलं, तर लगेच घरी आणि बाईंना सांगायचं. चहाडी होत नाही ती.

मार्चमध्ये शाळेच्या आवारात एका रात्रीचं शिबिर झालं. एका बुलबुलच्या आईचा ठाम नकार होता. पोरीने घराबाहेर रात्र काढायची नाही. मी वाद घातला नाही. म्हटलं, “ताई, तुम्हीच चला मदतीला. तुम्ही व्हरांड्यात झोपा, ती वर्गात मैत्रिणींबरोबर झोपेल.” आल्या. रात्री दोनदा उठून त्यांनी दारातून डोकावून पाहिलं, चोवीसही पोरांची पांघरुणं सारखी केली. सकाळी त्यांची मुलगी उठली, स्वतःची वळकटी स्वतः बांधली, आणि आईकडे न बघताच रांगेत जाऊन उभी राहिली. आईला जरा रुसवा आलेला दिसला. साहजिक आहे.

मुलांनो, घरच्यांना पथकात आणायचं असेल, तर “आई, तू पण ये ना” एवढ्याने काम होत नाही. नेमकं सांगावं लागतं. ‘शनिवारी साडेनऊ ते साडेदहा, नदीच्या वळणावर उभं राहायचं आणि पुढे गेलेली मुलं मोजायची,’ असं सांगा. कागदावर लिहून द्या. मी आता तसंच करते.

आणि गुऱ्हाळ? तिथे आम्ही पुन्हा गेलो. एका वेळी सहा मुलं, बरोबर दोन पालक. गुळव्यादादांनी आदल्या दिवशीच चुलवाणातली राख घेऊन काहिलीपासून लांब जमिनीवर जाड रेघ मारून ठेवली होती. चिपाडं जाळून रस कसा आटवतात, मळी कशी काढतात, पाक तयार झाला हे कसं ओळखतात, सगळं त्यांनी मुलांना रेघेपलीकडे उभं करून समजावलं. निघताना मी मोजायला लागले, तर ते म्हणाले, “माझी मोजून झालीत, बाई. सहा.” तरी मी एकदा मोजलीच.