गर्भात ठरलेल्या वाटा

मुंबईतल्या ॲनाटॉमीची गोष्ट ग्रँट मेडिकल कॉलेजपासून, म्हणजे १८४५पासून सुरू होते. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ १८५८ साली निघालं. त्याच्या आकृत्या काढणारे हेन्री व्हँडाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईला आले आणि ग्रँटमध्ये शिकवू लागले. नसा-धमन्यांची नावं थेट त्यांच्या अंगावरच लिहिण्याची त्या आकृत्यांतली रीत आजच्या कुठल्याही चकचकीत ॲपपेक्षा सरस आहे. पुढच्या शंभर वर्षांतली एक नोंद पुरे: १९४९च्या मुंबई ॲनाटॉमी कायद्याने बेवारस मृतदेह कॉलेजांना रीतसर मिळू लागले.

ॲनाटॉमीचीच शाखा असलेलं भ्रूणशास्त्र मात्र घडलं ते मुख्यतः जर्मनीत आणि पुढे अमेरिकेत. मेकेल, हिस, मॉल हे संशोधक, आणि गर्भाच्या पहिल्या आठ आठवड्यांच्या २३ कार्नेगी पायऱ्या. हे सगळं इंदरबीर सिंगांच्या पुस्तकातून परीक्षेपुरतं मेडिकलच्या सगळ्यांनीच वाचलेलं असतं.

खरी श्रीमंती आहे ती अवयवांच्या प्रवासात. स्वरयंत्राकडे जाणारी रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह डावीकडे छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा गळ्यात चढते. कारण गर्भात ती घशाच्या सहाव्या (फॅरिंजियल) कमानीच्या धमनीखालून जात होती. हृदय खाली सरकलं आणि तिला ओढत घेऊन गेलं. उजवीकडे ती धमनी विरते, म्हणून तिथे वळसा सबक्लेवियनभोवती पडतो. शंभरात एखाद्याहूनही कमी माणसांत उजवी सबक्लेवियन भलत्याच जागेवरून निघते, तेव्हा ही नर्व्ह वळसा न घेता सरळ स्वरयंत्राला भिडते. थायरॉइडच्या सर्जनला हे ठाऊक नसेल, तर रुग्णाचा आवाज जातो. घोगऱ्या आवाजाच्या रुग्णाच्या छातीचा एक्स-रे का काढायचा, याचंही उत्तर इथेच आहे.

वृषणाचंही तसंच, तेही गर्भात पोटातूनच खाली उतरतं. गाव सोडलेल्या माणसाचं नाव सातबाऱ्यावर राहावं, तशी त्याची धमनी कमरेच्या दुसऱ्या मणक्यापाशी महाधमनीतूनच निघते. म्हणून वृषणाच्या कॅन्सरच्या पसरलेल्या गाठी आधी पोटात, महाधमनीशेजारी शोधायच्या, जांघेत नव्हे.

भ्रूणशास्त्र म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांवरचं ओझं, ते पीजीला बघून घेतील, असं ठासून सांगणारी एक जाणती मंडळी आहे. त्यांचं म्हणणं साफ चुकीचं आहे. वळसा का पडला हे कळलेल्या मुलाला तो पाठ करावाच लागत नाही. ओझं होतं ते कारण गाळल्यामुळे.

पूर्वी एमबीबीएसचा पहिला टप्पा दीड वर्षाचा होता. डिसेक्शन टेबलाभोवती गळा निवांत उलगडायचा, आणि नर्व्ह चिमट्यात धरूनच मास्तर गर्भाकडे वळायचे. १९९७मध्ये ते दीड वर्ष एका वर्षावर आलं आणि घाई सुरू झाली. २०१९च्या अभ्यासक्रमाने विषय एकमेकांना जोडून शिकवायला सांगितलं, ते योग्यच आहे. पण बऱ्याच ठिकाणी भ्रूणशास्त्र लेक्चर हॉलमध्ये आणि गळा डिसेक्शन हॉलमध्ये, अशी फारकत कायम आहे.

व्हायवात आजही दुसऱ्या-तिसऱ्या कमानीपासून काय काय बनतं, याची यादीच विचारली जाते. त्याऐवजी थायरोग्लॉसल सिस्ट काढताना हायॉइड हाडाचा मधला तुकडाही का कापतात, हे विचारावं. जिभेच्या मुळापासून खाली उतरलेल्या थायरॉइडची वाट त्या हाडाला चिकटून जाते, आणि ती मागे राहिली तर सिस्ट पुन्हा होते. सिस्ट्रंकने १९२० साली ही शस्त्रक्रिया मांडली, तीही या वाटेचा माग काढूनच.